पाण्याखालचा अर्धा भाग

मामा,

तुम्ही गेल्यानंतरचा जलदानाचा कार्यक्रम झाला, पाहुणे परतले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मामीनं तुमचं फूटभर जहाज खताच्या रिकाम्या पोत्यात घातलं. सुतळीनं तोंड बांधलं आणि पोतं माझ्यापुढं ठेवलं.

"हे घेऊन जाय. जाळ, न्हाईतर कयाधूत सोड. माझ्या डोळ्यापुढं नको."

"मामी, कयाधूला पाणी कुठाय आता?"

"मंग वाळूत गाड."

तुम्ही असतात तर हसला असतात. नदीला पाणी नाही म्हणून बुडवताही येत नाही असं जहाज. मी पोतं उचललं तर आत काही आहे असं वाटेना, इतकं हलकं. कयाधूच्या वाटेनं न जाता मी नांदेड रस्त्यावरच्या तुमच्या दुकानात आले, शटर अर्धं वर केलं आणि जहाज बाकावर ठेवलं. भोवती लोकांच्या जळालेल्या पाणमोटारी तशाच पडून आहेत. काहींचं वायंडिंग तुम्ही उकललंय, नवं भरलेलं नाही. रोज कुणीतरी येतं, दारात चप्पल काढतं, आत पाहतं आणि मोटारीबद्दल काहीच न विचारता परत जातं.

जहाज तेव्हा अजून दोन तुकड्यांतच होतं. वरचा भाग पूर्ण झालेला, रंगवलेला. खालचा भाग वेगळा, तुमच्या लुंगीच्या फडक्यात गुंडाळलेला. आपला वाद तिथंच थांबलेला.

हिंगोली वेगळा जिल्हा झाला त्या उन्हाळ्यात ते खोकं आलं होतं. तुमच्या जहाजावरचे जोसेफकाका नौदल सोडून व्यापारी जहाजांवर गेले होते, त्यांनी कुठल्याशा बंदरावरून पाठवलेलं. तुम्ही आमच्या घरी फोन केलात आणि आईला म्हणालात, "तुझं इंग्लिश मेडियम कळमनुरीला पाठव. कागद वाचायचाय." इंग्रजी हुकूम ऐकण्यात तुमची पंधरा वर्षं गेली होती, तो कागद तुम्हाला वाचता आला असता. हे मला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा मी नववीत होते आणि लग्नकार्यात, बारशात कुणाच्या तरी मागं उभी राहायची. प्रत्येक जण विचारायचा, "ही बोलत काहून न्हाई?" तुम्ही कधीच विचारलं नाहीत. दुकानाच्या दारात मला पाहून म्हणालात, "आला का बंद रेडिओ? ये, बस. इथं कुणी स्टेशन लावणार न्हाई."

खोक्यात खेळण्यासारखं काही नव्हतं. मेणासारख्या पिवळट रंगाचे तुकडे होते, प्रत्येकाला ओतकामाचा जाड ठोकळा चिकटलेला. पितळेचा कागदाएवढा पातळ पत्रा होता, त्यात जहाजाचे कठडे कोरलेले. मी इंग्रजी कागद वाचून मराठीत सांगत गेले. जहाज एकास तीनशेपन्नास प्रमाणातलं, म्हणजे सगळं मिळून फूटभर लांब. रेझिन नावाचा पदार्थ. ठोकळे करवतीनं कापायचे. घासताना उडणारी पूड फुफ्फुसाला वाईट, म्हणून पाण्यात बुडवून घासायचं.

"पाण्यातच घासू," तुम्ही लगेच म्हणालात. "धूळ उडू द्यायची न्हाई. धूळ लई वाईट."

आणि लगेच, त्याच तोंडानं, तुम्ही मला काश्मीरची गोष्ट सांगितलीत. जहाज गोदीत दुरुस्तीला लागलं की बॉयलर रूममधल्या वाफेच्या पाइपांवरचा जुना पांढरा लेप तुम्हा लोकांना हातानं सोलून काढावा लागायचा. जिनिंगमध्ये कापूस उडतो तसा तो उडायचा. तुम्ही त्याचे ओले गोळे करून एकमेकांना मारायचात. "बर्फ कुणीच पाहिलेलं न्हाई. मी इकडचा, जोसेफ केरळचा. आमी म्हणायचो, चला काश्मीर." तुम्ही हसलात, मीही हसले. त्या दिवशी ती फक्त एक गमतीची गोष्ट होती.

दर शनिवारी मी कळमनुरीला येऊ लागले. हॅक्सॉच्या पात्यानं ठोकळे तुम्ही कापायचात. गाड्या रंगवणाऱ्याकडून आणलेल्या वॉटर पेपरनं परातीतल्या पाण्यात मी घासायची. हवेच्या बुडबुड्यांनी पडलेली बारीक भोकं आपण रंगाऱ्याची लांबी भरून बुजवायचो, वाळली की पुन्हा घासायचो. मामी दाराशी येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहायची.

"चार दिवसानं नळ आला, अन् ह्यो गडी पाणी जहाजाला पाजून राहिला."

"जहाजाला पाणी न्हाई पाजायचं तर काय ज्वारी चारू?"

"कपडे धुवायला पाणी न्हाई घरात!"

"मंग तुमी बी या, जहाज धुवा."

परातीतलं करडं पाणी मामी रागारागानं कढीपत्त्याच्या बुडाशी ओतायची. दुसऱ्या वर्षी कढीपत्ता वाळला. हा पुरावा तिनं आजवर जपून ठेवलाय.

पहिल्या मे महिन्यात जहाज वाकलं. तुम्ही ते दुकानात फळीवर ठेवलं होतं, पत्र्याच्या अगदी खाली. दुपारी पत्रा इतका तापला की जहाजाची दोन्ही टोकं केळ्यासारखी वर आली. मला वाटलं, संपलं. तुम्ही जहाज घरी आणलंत, बंबातलं कढत पाणी टबात घेतलंत आणि तान्ह्या लेकराला न्हाऊ घालावं तसं त्याला पाठीखाली हात देऊन बुडवलंत. रेझिन मऊ झाल्यावर ते शहाबादी फरशीवर सरळ केलं आणि त्यावर जात्याची तळी ठेवली.

"उकडून राहिले का भाजून?" मामीनं विचारलं.

"शिजलं की सांगतो. मीठ आणा."

थंड पाण्यात ते पुन्हा कडक झालं. तरी आजही नीट पाहिलं तर नाक किंचित वर आहे. तुम्ही म्हणायचात, लाट चढतानाचं हाय म्हण.

एक गोष्ट मामीच्या लक्षात नाही. डोलकाठ्यांमधल्या रेडिओच्या तारा तुम्हाला करायच्या होत्या. दुकानातली सगळ्यात बारीक तांब्याची तारही त्या मापात दोरखंडासारखी दिसली. तेव्हा तुम्ही घराच्या भिंतीतल्या फटीतून मामीचं गुंतवळ काढलंत. विंचरताना गळलेले केस ती तिथं खोचून ठेवायची, केसांवर भांडी देणारा बोहारी आला की त्याला द्यायला. तुम्ही एकेक केस ताणून, थेंबभर डिंकानं, चिमट्यानं बसवलात. मामी ओरडली, "शरम न्हाई? लष्कराच्या जहाजाला बाईचे केस?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "सगळा निरोप ह्याच्यावरूनच यायचा तिकडं." मामी पदर तोंडाला लावून आत गेली. इतकी वर्षं काळे राहिलेले ते केस जहाजावर अजून आहेत. पोत्यात घालताना तिनं ते पाहिले नसावेत.

आणि मग आपला वाद. जहाज दोन भागांत ओतलेलं होतं, पाण्यावरचं आणि पाण्याखालचं. कागदावर लिहिलं होतं की खालचा भाग नको असेल तर वगळावा आणि वरचा भाग खोट्या समुद्रात बसवावा. मी समुद्र पाहिलेला नव्हता, म्हणून मला तो करायचा होता. प्लास्टर ओतून लाटा करायच्या, वर पांढऱ्या डिंकाचा फेस, निळा-हिरवा रंग. माझ्या मनात सगळं ठरलेलं होतं. मी घरात क्वचित काही मागायची. हे मागितलं.

"न्हाई," तुम्ही म्हणालात. "खालचं जोडायचं."

"पण जहाज पाण्यावर दिसतं, मामा. खालचं कुणाला दिसतं?"

"म्हणूनच जोडायचं. तू समुद्र केला की मी गेलो पाण्यात. मी पंधरा वर्षं तिथं व्हतो, हितं." तुम्ही खालच्या भागावर, मधोमध, स्क्रू ड्रायव्हरचं टोक ठेवलंत. "वर काय हाय? साहेबलोक, दुर्बिणी, झेंडा. फोटो निघतो त्यो वरचाच निघतो."

"मग जहाज हवेत लटकल्यासारखं दिसेल."

"दिसू दे."

अबोल माणसाचं भांडण लांबत जातं, कारण तो मुद्दा सोडत नाही आणि बोलतही नाही. मी कॉलेजला नांदेडला गेले तरी दर सुट्टीत हा वाद चालू राहिला. एकदा मी वहीच्या पानावर लाटांचं चित्र काढून बाकावर ठेवून गेले. पुढच्या खेपेला त्याच चित्रात लाटांच्या खाली तुम्ही बॉलपेननं जहाजाचं पोट काढून ठेवलं होतं, आणि पोटात एक काडीचा माणूस.

खोकला तेव्हा सुरू झालेला होता. आधी विडी म्हणाले. मग टीबी म्हणाले. गोळ्यांनी लघवी लाल व्हायची, वजन उतरायचं, खोकला मात्र जागचा हलायचा नाही. एक कोर्स संपला, दुसरा सुरू झाला. बसस्टँडपासून दुकानापर्यंत येताना तुम्ही मध्येच एखाद्या टपरीशी थांबून उगाच भाव विचारायचात, म्हणजे दम लागलाय हे कुणाला कळू नये. मामीनं निदान केव्हाच केलं होतं. "त्या जहाजाची पूड छातीत बसली. झाड वाळवलं, आता माणूस वाळवून राहिली." ती हे माझ्याकडं बघून म्हणायची नाही, पण परात माझ्याच हातात असायची.

औरंगाबादला तुम्हाला घेऊन मी आणि बाबा गेलो. बाबा खाली औषधांच्या रांगेत होते. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडावर धरला आणि तुम्हाला विचारलं, "काम काय करत होतात?" तुम्ही सांगितलंत. ते शेजारच्या शिकाऊ डॉक्टरांशी इंग्रजीत बोलू लागले. हा टीबी नाही, कधी नव्हताच. ॲस्बेस्टॉस आहे. बॉयलरचा लेप. छातीत जाऊन पंचवीस-तीस वर्षं झाली असतील. आता करण्यासारखं फारसं काही नाही. मी ते ऐकत होते आणि दुभाष्यासारखी मनात शब्द जुळवत होते की मामांना यातलं किती सांगायचं. मग तुमच्याकडं पाहिलं. तुम्ही सरळ बसला होतात, हात मांडीवर, हुकूम ऐकताना बसावं तसे. तुम्हाला प्रत्येक शब्द कळला होता.

मी धीर करून विचारलं, मॉडेलची पूड? डॉक्टर म्हणाले, पाण्यात घासत होतात ना, मग त्याचा काही संबंध नाही. हे फार जुनं आहे. मग त्यांनी तुम्हाला आणखी एक प्रश्न विचारला.

"कामाचे कपडे घरी धुवायला आणायचात का?"

"न्हाई साहेब," तुम्ही म्हणालात. "जहाजावर लाँड्री व्हती."

डॉक्टरांनी मान हलवली आणि पुढचं लिहायला घेतलं. मला त्या प्रश्नात काही विशेष वाटलं नाही.

परतीच्या बसमध्ये बाबांना डुलकी लागली होती. जिंतूर मागं पडल्यावर तुम्ही खिडकीकडं तोंड करून म्हणालात, "जोसेफ बी खोकायचा." मग म्हणालात, "मामीला सांगू नको."

"ती माझ्या जहाजाला दोष देते, मामा. आपल्या."

"देऊ दे." दम घेऊन तुम्ही पुढं बोललात. "जयंतीच्या मिरवणुकीत मला पांढरा ड्रेस घालून पुढं उभं करतात. वस्तीतली पोरं मला पाहून भरतीला पळतात. तुझी मामी बायकांत सांगते, आमचे हे नेव्हीत व्हते. तेवढंच हाय तिच्याकडं. ते काहून काढून घ्यायचं?"

मी मान हलवली. मला ते कारण पटलं. चांगलं होतं, तुमच्यासारखंच. मी मिरवणुकीत तुम्हाला पाहिलं होतं. इस्त्रीची घडी मोडू नये म्हणून तुम्ही ट्रॅक्टरवर कुठंही न टेकता उभे राहायचात. मी घरी आले आणि मामीचे टोमणे ऐकत राहिले. आपण चूप राहतोय त्याला काही अर्थ आहे असं मला वाटायचं.

शेवटच्या महिन्यांबद्दल मी लिहिणार नाही. सिलिंडर, बसून काढलेली झोप, उशांचा तो ढीग. फक्त एक दिवस. तुम्ही मला खुणेनं जवळ बोलावलंत आणि शब्द तोडत म्हणालात, "समुद्र... करायचा तर... कर." मी बाहेर जाऊन नळाशी उभी राहिले. इतकी वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली ते मिळालं होतं आणि मला ते परत करायचं होतं. वाद सोडलात तेव्हाच मला कळलं, तुम्ही चाललात.

आता परवाचं सांगते.

मी दुकानात बसून खालचा भाग फडक्यातून काढला. ठरवलं होतं की समुद्र नाही. दोन नळ्यांमधला गोंद कालवला, कडेला लावला. तो घट्ट होईपर्यंत दोन्ही भाग सगळीकडून सारखे दाबून धरावे लागतात आणि नाक वर असल्यामुळं पुढची फट माझ्या दोन हातांत मिटेना. तेवढ्यात शटरखालून वाकून मामी आत आली. हातात डबा. जहाज गाडलेलं नाही हे तिनं पाहिलं. डबा खाली ठेवला.

"काय करून राहिली?"

"खालचा भाग जोडतेय. पुढं मिटत नाहीये. धरता का?"

मला वाटलं ती जाईल. ती समोर बसली आणि तिनं जहाजाचं नाक दोन्ही हातांत धरलं, गरजेपेक्षा जास्त जोरानं. तिचं तोंड डोलकाठीपासून वीतभर अंतरावर होतं. तिला तारा दिसल्या.

"माझे केस हायेत ना हे?"

"हो."

"कसे काळे हायेत अजून." मग तिनं हनुवटीनं खाली दाखवलं. "ते कुठं व्हते ह्याच्यात?"

"इथं. तुमच्या अंगठ्याजवळ."

तिनं अंगठा थोडा सरकवला, जणू तिथं कुणाला लागेल.

"मला जहाज कवा दाखवलं न्हाई त्यांनी. मुंबईला क्वार्टर मिळालं व्हतं तवा म्हणायची, न्या की एकदा. म्हणायचे, बायकांनी बघण्यासारखं न्हाई खाली." ती हसली. "मी जहाज ओळखायची ते धुण्यावरून. गोदीत काम निघालं की त्यांची डांगरी, त्यो निळा अंगभर डगला, घरी आणायचे. असा पांढरा झालेला असायचा, पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा. मी गॅलरीत उभी राहून झटकायची आधी. नाकातोंडात जायचं. शेजारीण म्हणायची, अगं, पाऊस पाडतीस का काय. मंग दगडावर आपटून धुवायची. दोन-दोन पाण्यानं बी निघायचं न्हाई ते."

मामा, माझे हात जहाजावरून सुटले नाहीत एवढंच.

जहाजावर लाँड्री व्हती. किती सहज म्हणालात तुम्ही. ते खोटं डॉक्टरांसाठी नव्हतं. माझ्यासाठी होतं. मग मिरवणूक, पांढरा ड्रेस, वस्तीतली पोरं, हे सगळं मी तुमच्याबरोबर बसमधून घरी आणलं आणि जपलं. तुम्हाला तिचा अभिमान जपायचा नव्हता. म्हणजे तोही असेल. पण तुम्हाला ती गॅलरी दिसत होती, तिच्याही छातीत गेलेला तो पांढरा लेप दिसत होता. ज्याला काही इलाज नाही ते तिला कळून काय उपयोग, असं तुम्ही ठरवलंत, आणि एकट्यानं ठरवलंत. स्वतःच्या छातीपेक्षा त्या गॅलरीची भीती तुम्हाला जास्त वाटत असणार. बसमध्ये तुमचं तोंड खिडकीकडं का होतं, ते मला परवा समजलं.

तुमच्यावर रागवायचं की तुमच्या पाया पडायचं, हे मला अजून ठरवता येत नाही. तुम्ही मला कधी बोलायला लावलं नाहीत, म्हणून मी तुमच्याजवळ बसायची. आणि शेवटी तुम्ही मला जे दिलंत तेही न बोलणंच. बाकी कुणी दिलं असतं तर मी घेतलं नसतं.

मामीला जिना चढताना मी गेल्या महिन्यात मध्येच थांबलेलं पाहिलं आहे. कठड्यावरची धूळ पदरानं पुसत होती. उगाच.

"धरून हात आखडले," ती म्हणाली. "सोडू का आता?"

गोंद कडक व्हायला वेळ होता. नाकाची फट मिटली होती. तिचे दोन्ही हात गुंतलेले होते, तिला उठून जाता येणार नव्हतं.

"अजून थोडं धरा, मामी," मी म्हणाले, आणि तिला औरंगाबादच्या डॉक्टरांनी काय विचारलं होतं ते सांगायला सुरुवात केली.